दाह, सूज आणि रक्तातील साक्ष

देवणी हा लातूर जिल्ह्यातील, कर्नाटकाच्या सीमेलगतचा तालुका. 1948 पर्यंत हा प्रदेश हैदराबाद संस्थानात होता. त्यामुळे मराठी, कन्नड व उर्दू यांचा येथे पिढ्यान् पिढ्या शेजार आहे. एकाच विकारास या तीन भाषांनी दिलेली नावे लक्षणीय आहेत. मराठीतील 'सूज' फुगण्याचा निर्देश करते. उर्दूतील 'सोजिश' ध्वनीने तिच्या जवळचा वाटला, तरी त्या फारसी शब्दाचा मूळ अर्थ जळजळ असा आहे. कन्नडातील 'उरियूत' हा मात्र 'उरि' म्हणजे आग आणि 'ऊत' म्हणजे फुगवटा या दोहोंचा समास होय.

ही सर्व नावे डोळ्यांस दिसणाऱ्या व हातास जाणवणाऱ्या लक्षणांवरून पडली आहेत. इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोमन ग्रंथकार सेल्सस याने लाली, सूज, उष्णता व वेदना ही चार लक्षणे नोंदविली. सुश्रुतसंहितेतही शोथाच्या आम, पच्यमान व पक्व अशा अवस्था वर्णिलेल्या आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास जर्मन विकृतिशास्त्रज्ञ फिरखो याने रोहिणीच्या भित्तीतील विकार हाही दाहच होय, असे प्रतिपादन केले. परंतु जिवंत रोग्याच्या ठायी तो ओळखण्याचे साधन त्या काळी नव्हते.

ते साधन पुढे रक्तात सापडले. 1921 मध्ये वेस्टरग्रेन याने तांबड्या पेशी तळाशी बसण्याचा वेग मोजण्याची रीत प्रसिद्ध केली. 1930 मध्ये न्यूयॉर्क येथे टिलेट व फ्रान्सिस यांना न्यूमोनियाच्या रोग्यांच्या रक्तद्रवात एक वेगळाच पदार्थ आढळला. तोच पुढे 'सी-रिअॅक्टिव्ह प्रोटीन' या नावाने ओळखला गेला. दाह उद्भवताच यकृत हे प्रथिन वाढत्या प्रमाणात निर्माण करते. 1997 मध्ये बोस्टन येथील रिडकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की, वरकरणी निरोगी पुरुषांतही हे प्रथिन अधिक असल्यास पुढील काळात हृदयविकाराचा धोका अधिक असतो. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुण्यातील याज्ञिक प्रभृतींच्या अभ्यासात ग्रामीण, झोपडपट्टीतील व शहरी मध्यमवर्गीय पुरुषांची तुलना करून मेदवृद्धी, दाह व रक्तशर्करा यांचा संबंध तपासण्यात आला.

तथापि खूण म्हणजे कारण नव्हे. आनुवंशिक अभ्यासांवरून हे प्रथिन स्वतः हृदयविकार घडवीत नाही, असे दिसते. दाह मात्र निव्वळ साक्षीदार नाही: 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत, कोलेस्टेरॉल न घटविता केवळ दाह शमविणाऱ्या औषधाने हृदयविकाराच्या घटना कमी झाल्या. शिवाय साध्या संसर्गानेही हे प्रथिन वाढते; प्रमाण लिटरमागे 10 मिलिग्रॅमपेक्षा अधिक असल्यास प्रथम अन्य कारण शोधावे लागते.

येथेच शब्दाचा प्रश्न उभा राहतो. 'रक्तवाहिनीस सूज आहे' असे ऐकणारा रोगी आपले पाय चाचपून पाहील आणि सूज नाही म्हणून निश्चिंत होईल, हा धोका उघड आहे. 'दाह' म्हटल्यास तो छातीतील जळजळ शोधील. रोहिणीतील हा विकार फुगत नाही व जळतही नाही. वर्षानुवर्षे तो मूक राहतो. म्हणून तपासणीचा अंक सांगताना वैद्याने हेही सांगणे अगत्याचे आहे की, जुनी नावे बाह्य लक्षणांची आहेत, आणि ती लक्षणे नसली तरी रक्ताची साक्ष दुर्लक्षिण्याजोगी नाही.