ट्रॅमवर होते

आपल्याकडे घराण्याचा इतिहास म्हटला की सनद, वतन आणि इनाम यांच्याकडे प्रथम नजर जाते. ज्यांच्या माडीवर कागदांचे रुमाल होते त्यांचे कुलवृत्तान्त छापून झाले. मूळ पुरुष कोण, तो कोणत्या गावाहून निघाला, कोणाच्या पदरी राहिला, हे सारे त्यांत सापडते. पण या सभेत बसलेल्यांपैकी पुष्कळांच्या घरी रुमाल नव्हते. त्यांच्याकडे पूर्वजांविषयी एखाददुसरे वाक्य तेवढे शिल्लक असते, आणि कोकणातल्या व घाटावरच्या कित्येक घरांत ते वाक्य असे असते : "आजोबा मुंबईस ट्रॅमवर होते." त्यापुढे काही नाही. वि. का. राजवाडे यांनी १८९८ साली मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड प्रसिद्ध केला, तेव्हा मुंबईत घोड्यांच्या ट्रॅमगाड्या धावत होत्या. त्या गाड्यांवरच्या माणसांचे दप्तर मात्र कोणी बांधले नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की ते एक वाक्य हेही साधनच आहे, आणि साधनाला जसे प्रश्न विचारतात तसे त्यालाही विचारले पाहिजेत. "होते" म्हणजे केव्हा? आणि "ट्रॅमवर" म्हणजे नेमके कशावर?

पहिला प्रश्न त्यातल्या त्यात सोपा. ट्रॅमचा काळ दोन्ही टोकांनी घट्ट बांधलेला आहे. ९ मे १८७४ रोजी मुंबईची पहिली ट्रॅम निघाली. एक मार्ग कुलाब्याहून पायधुणीपर्यंत, दुसरा बोरीबंदराहून काळबादेवीवरून पायधुणीपर्यंत. ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदराहून दादरला शेवटची गाडी गेली. नव्वद वर्षांना सव्वा महिना कमी. या दोन तारखांच्या बाहेर कोणाचा आजोबा ट्रॅमवर असू शकत नाही. निदान मुंबईच्या तरी नाही. कलकत्ता, मद्रास, दिल्ली, कानपूर येथेही ट्रॅम होत्या, आणि मुंबई म्हणून सांगितलेले गाव क्वचित दुसरेच निघायचे, हेही ध्यानात असू द्यावे.

या नव्वद वर्षांच्या मधोमध नव्हे, पण मोक्याच्या जागी एक रेघ आहे. ७ मे १९०७ रोजी मुंबईत विजेची ट्रॅम सुरू झाली. त्याआधीची तेहतीस वर्षे घोड्यांची. आज ट्रॅम म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे वरची तार, गाडीच्या टपावरचा दांडा आणि ड्रायव्हरच्या पायाखालची घंटा येते; परंतु एकूण काळाचा तिसऱ्या हिश्शाहून अधिक भाग दाणा, खरारा आणि नाल यांचा आहे. मद्रासेस विजेची ट्रॅम १८९५ सालीच आली होती. मुंबईने बारा वर्षे उशीर केला. त्या बारा वर्षांत किती घरांच्या चुली घोड्यांवर चालल्या, याचा विचार आपण सहसा करीत नाही.

समजा, एका घरात अशी आठवण आहे की पणजोबा विजेची ट्रॅम चालवीत. आणि गावच्या कोतवाल बुकात, म्हणजे जन्ममृत्यूच्या नोंदवहीत, त्यांच्या मृत्यूचे साल निघते १९०३. आता काय करायचे? घरच्यांनी खोटे सांगितले असे म्हणण्याची घाई करू नये. पुढच्या पिढीने जी ट्रॅम पाहिली तीच मागच्या पिढीच्या हाती दिली, इतकेच घडलेले असते. पण कधी कधी त्यात आणखी एक गोष्ट मिसळलेली असते, आणि तिच्याविषयी स्पष्ट बोलायला हवे. घोड्यांच्या कंपनीकडे एके काळी नऊशे घोडे होते असे म्हणतात. त्यांना दाणावैरण घालणे, पाणी दाखवणे, मालिश करणे, नाल ठोकणे, सामान चढवणे, लीद काढणे, या कामाला किती हात लागत असतील ते घोडे राखणाऱ्याला विचारावे. लगाम धरून पुढे उभा राहणारा एक. त्याच्यामागे तबेल्यात मोतद्दार, नालबंद, गवतवाले कितीतरी. हे सगळेच "ट्रॅमवर होते". नातवंडांनी मात्र त्यांतल्या बहुतेकांना ड्रायव्हर किंवा कंडक्टर करून टाकले. लीद काढणारा पणजोबा सांगायला संकोच वाटला असेल. मला विचाराल तर त्या संकोचामुळेच आपण खरा माणूस गमावतो आणि त्याच्या जागी गणवेशातला एक पुतळा उभा करतो.

१९०५ साली नव्या वीज कंपनीने जुन्या ट्रॅम कंपनीची मालमत्ता साडेअठ्ठ्याण्णव लाख रुपयांना विकत घेतली आणि वाडीबंदरला ट्रॅमसाठी वीज तयार होऊ लागली. एका दिवसात सगळे घोडे गेले नसतील. पण मोतद्दाराच्या हातातली विद्या निरुपयोगी ठरली ती याच दोनतीन वर्षांत. म्हणून १९०५ ते १९०८ या काळातल्या घरगुती हालचालींकडे बारकाईने पाहावे. कोणी अचानक गावी परतला, जमिनीच्या फेरफारात त्याचे नाव आले, किंवा "आधी ट्रॅमवर होते, मग व्हिक्टोरिया हाकीत" असे कोणी सांगितले, तर तो माणूस घोड्यांचा होता असा तर्क बांधायला जागा आहे. तर्कच तो, पुराव्याची जागा त्याला देऊ नये.

यापुढच्या काळात खुणा अधिक मिळतात. दुमजली ट्रॅम १९२० च्या सप्टेंबरात आली. "वरच्या मजल्यावर तिकिटे फाडायला जात" ही आठवण त्याच्या अलीकडचीच. आजोबा "कंपनीत" होते की "म्युनिसिपालटीत", हा शब्द नीट ऐकावा. ७ ऑगस्ट १९४७ रोजी, स्वातंत्र्याच्या आठ दिवस आधी, हा कारभार महापालिकेकडे आला. गंमत अशी की बी. ई. एस. टी. ही अक्षरे तीच राहिली. कंपनीच्या नावातला 'टी' ट्रॅमवेज् होता. पालिकेच्या नावातला ट्रान्सपोर्ट झाला. त्यामुळे नुसत्या अक्षरांवरून साल ठरवू नये. तिकिटाचा तुकडा जपलेला असेल तर तो अधिक प्रामाणिक साक्षीदार. आण्यांतले मोल दशमान नाण्यांच्या आधीचे. नये पैसे छापलेले असतील तर १ एप्रिल १९५७ नंतरचे. अगदी आरंभी, १८७४ मध्ये, तीन आणे भाडे घेत आणि तिकीट देतच नसत. फुकटे वाढले तेव्हा तिकिटे आली. फुकट्या प्रवाशाची परंपरा मुंबईत किती जुनी आहे ते यावरून दिसते.

आता नावाचा घोळ. गावात माणूस घराच्या नावाने किंवा टोपणनावाने ओळखला जाई. शहरात कारकुनाने विचारले, "आडनाव?" तेव्हा अनेकांनी गावाला 'कर' जोडून सांगितले. काहींची नोंद नुसती स्वतःचे व बापाचे नाव घालून इंग्रजीत झाली, तीही कारकुनाच्या कानाला जशी ऐकू आली तशी. म्हणून सख्ख्या भावांची आडनावे निराळी निघाली तर दचकू नये. शोध आडनावाने घेण्यापेक्षा बापाचे नाव आणि गाव यांच्या जोडीने घ्यावा. नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या गावावारीने पाहता येतात. मुंबईचा नोकरदार सिंहस्थाला किंवा श्राद्धाला तेथे गेला असेल तर त्याने भाऊ, पुतणे, मुलगे सगळे सांगितलेले असतात. गिरणगावातल्या चाळींत गावोगावच्या मंडळांनी खोल्या घेतल्या होत्या; एका गावचे पुरुष एका खोलीत राहत आणि वर्गणी वहीत लिहिली जाई. गोव्याच्या मंडळींचे 'कूड' त्याच जातीचे. अशी एखादी वही हाती आली तर ती एका घराचा नव्हे, सबंध गावाचा इतिहास सांगते. १८९६ च्या प्लेगानंतरची काही पाने मात्र कोरी निघतील, कारण माणसे शहर सोडून पळाली होती. जी मेली त्यांतल्या कित्येकांची गावच्या बुकात नोंदच नाही.

जिवंत साक्षीदारांविषयी मात्र घाई केली पाहिजे. १९६४ साली विशीत नोकरीला असलेला माणूस आज ऐंशी ओलांडून गेला आहे. त्याला "तुमचे आयुष्य कसे होते?" असे विचारू नये, तो "बरे होते" म्हणेल. ब्रेक कोणत्या हाताने फिरवायचा, पावसाळ्यात रुळावर पाणी चढले की गाडी कोठे थांबे, दादर टी. टी.ला पोचल्यावर टपावरचा दांडा कोण फिरवी, ट्रॅम बंद झाल्यावर चाक हाती धरायला कोणी शिकवले, असे विचारावे. दादरच्या त्या टी. टी.चा अर्थ ट्रॅम टर्मिनस, हे तेथून रोज जाणाऱ्या पुष्कळांना ठाऊक नसते.

आणि गावच्या घरातल्या ट्रंकेकडे दुर्लक्ष करू नये. टपालाची मनीऑर्डर १८८० साली सुरू झाली. पैसे मिळाले की फॉर्मचा एक तुकडा घेणाऱ्याकडे राही. त्यावर रक्कम, पाठवणाऱ्याचे नाव, चाळीचा पत्ता, तारखेचा शिक्का आणि दोन ओळींचा मजकूर : भात लावले का, धाकट्याला शाळेत घाला, शिमग्याला येत नाही. कित्येक बायकांनी हे तुकडे तारेला ओवून ठेवले. हिशेबासाठी म्हणा किंवा कशासाठी म्हणा. कुलवृत्तान्तात ज्या बाईचे नावही सापडायचे नाही तिनेच नवऱ्याचे दप्तर राखले. पोच म्हणून तिच्या अंगठ्याचा ठसा उलट मुंबईला जाई, आणि चाळीच्या खोलीत, पत्र्याच्या पेटीत, गणवेशाच्या घडीखाली तो जपून ठेवलेला असे. ती पेटी कोणाच्या वाट्याला गेली, हे वाटणीच्या कागदात सहसा लिहिलेले नसते. धाकट्या सुनांना विचारावे.