गादीवरून खुर्चीवर: लिहिणारा माणूस बसायचा कसा?

"डॉक्टरसाहेब, खुर्ची कोणती घेऊ ते चिठ्ठीवर लिहूनच द्या."

हा प्रश्न मला हल्ली वरचेवर ऐकू येतो. पूर्वी तो बँकेतले किंवा कचेरीतले लोक विचारायचे. आता घरी बसून लग्नपत्रिका डिझाइन करणाऱ्या मुली विचारतात, रात्र रात्र व्हिडिओ एडिट करणारी पोरं विचारतात, निवृत्तीनंतर आत्मचरित्र लिहायला घेतलेले काका विचारतात. तुम्हीही यातलेच असाल तर कंपनीचं नाव सांगण्याआधी मी तुम्हाला माझी एक चूक सांगतो.

जुन्या जालन्यातले एक निवृत्त गुरुजी माझ्याकडे येतात. वय सत्तरीच्या पुढे. त्यांच्या परवानगीने लिहितो आहे. मोडी कागद बाळबोधीत उतरवून ते आपल्या मूळ गावाचा इतिहास लिहीत होते. रोज पाच-सहा तास, जमिनीवर सतरंजी टाकून. आजोबा कापसाच्या अडतीत मुनीम, त्यांचं बैठकीचं डेस्क घरात होतं, त्यावरच लिहायचे. गुडघे दुखतात म्हणून आले. एक्स-रेमध्ये गुडघ्यांची झीज दिसली. मी सांगितलं, "गुरुजी, आता खाली बसणं बंद. टेबल-खुर्ची घ्या." एवढंच सांगितलं आणि पुढचा पेशंट बोलावला.

तीन महिन्यांनी गुरुजी परत आले. गुडघा बराच सुधारला होता. पण मान आखडलेली, उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर, संध्याकाळी पाय सुजलेले. दोन्ही पाय सुजतात म्हटल्यावर मी रक्तदाब, लघवी, किडनी, हृदय सगळं तपासलं. काही निघालं नाही. जाता जाता म्हणाले, "गुडघा वाचला, पण लिखाण बंद पडलं. वही उघडली की मान धरते." चारशे पानं झाली होती, बाकीची मनातच राहणार असं त्यांना वाटायला लागलं होतं.

एका रविवारी मी त्यांच्या घरी गेलो. मुलांनी प्रेमाने मोठी, काळी, उंच पाठीची खुर्ची आणली होती. गुरुजी पाच फूट तीन इंच. ते बसले की पाय जमिनीपासून चार बोटं वर. टेबल जवळजवळ छातीशी, कोपर टेबलाच्या काठावर रुतलेलं, आणि सपाट टेबलावरच्या वहीकडे पाहताना हनुवटी छातीला टेकत होती. कोपरात आतल्या बाजूने एक नस जाते. कोपर कुठे आपटलं की झिणझिणतं ना, तीच. ती काठावर दाबली की करंगळी बधिर होते. आजोबांचं डेस्क कोपऱ्यात होतं, वर वर्तमानपत्रांची रद्दी.

त्या दिवशी मी ते डेस्क नीट पाहिलं. नंतर या विषयावर बरंच वाचलं. ते तुमच्याही उपयोगाचं आहे.

आपल्याकडे लिहिणारा माणूस शेकडो वर्षं जमिनीवर बसला. जालना जिल्ह्यातलंच उदाहरण घ्या. समर्थ रामदासांचं जन्मगाव जांब आपल्या घनसावंगी तालुक्यात. दासबोध शिवथरघळीत समर्थांनी सांगितला आणि कल्याणस्वामींनी लिहून घेतला, अशी परंपरा. या ग्रंथाच्या एकोणिसाव्या दशकातला पहिला समास लेखनावरच आहे. अक्षर कसं असावं, ओळींत अंतर किती असावं, बोरू-कागद कसे असावेत, हे सगळं त्यात आहे. डॉक्टर म्हणून मला आवडतो तो वेगळाच सल्ला: तरुणपणी फार बारीक लिहायची सवय लावू नका, म्हातारपणी ती उपयोगाची नाही, मध्यम अक्षर ठेवा. चाळिशीनंतर जवळचं दिसेनासं होतं, हे ध्यानात घेऊन दिलेला सल्ला आहे. आमच्या ओपीडीत मोबाइलची अक्षरं मोठी करा म्हणून सांगतो, त्यापेक्षा वेगळं काय!

मोडी लिपीचं श्रेय परंपरेने हेमाडपंताला, म्हणजे देवगिरीच्या यादवांच्या प्रधानाला देतात. आधी पूर्ण ओळभर रेघ ओढायची आणि मग तिच्याखाली हात फारसा न उचलता अक्षरं लिहीत जायची. हात वेगाने चालायचा, पण बोरू काही शब्दांनी दौतीत बुडवावाच लागे. म्हणजे बोटांना, मनगटाला आणि खांद्याला सक्तीची विश्रांती. कीबोर्डाला शाई संपण्याची सोय नाही.

लेखनिक मांडी घालून बसत, किंवा एक गुडघा उभा करून त्यावर कागद धरत. दरबारही जमिनीवरच. १७९० मध्ये पुण्याच्या दरबारात इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट आणि पेशवे यांच्यात झालेल्या तहाचं चित्र थॉमस डॅनिअलने नंतर रंगवलं. ते पाहा, दरबार बिछायतीवर भरलेला आहे.

पेढीवरचं डेस्क मात्र मला सगळ्यात शहाणं वाटतं. पुढून बुटकं, मागून उंच, वरचं झाकण उतरतं, आत दौत, टाक आणि किल्ल्या. मुनीमजींची मांडी आणि कोपर बघून गावच्या सुताराने केलेलं. उतारामुळे वही डोळ्यांकडे येते, डोळ्यांना वहीकडे जावं लागत नाही. आपलं डोकं साधारण पाच किलोचं. मान सरळ असेल तर हे ओझं मणक्यांवर तोललं जातं. मान खाली घातली की ते मानेच्या मागच्या स्नायूंना ओढून धरावं लागतं, आणि जितकी मान खाली तितका त्यांच्यावर ताण जास्त. शिवाय पाठीमागे लोड असायचा. लिहिताना मुनीमजी पुढे, तोंडी हिशेब करताना मागे लोडाला टेकलेले. दर थोड्या वेळाने मांडी बदलायची, गिऱ्हाईक आलं की उठायचं.

आता हे वाचून "आपले पूर्वज किती शास्त्रीय होते" असा मेसेज पुढे पाठवू नका. जमिनीवर तासन्‌तास मांडी घातली की कंबरेचं हाड मागे कलतं आणि पाठीचा कणा धनुष्यासारखा वाकतो. पायांना मुंग्या येतात. गुडघ्यांची झीज झालेल्या माणसाला पुन्हा पुन्हा खाली बसणं-उठणं त्रासाचंच असतं. बसून लिहिणाऱ्यांचे हाल सगळीकडे होते. इटलीतले डॉक्टर बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी कामगारांच्या आजारांवर १७०० मध्ये पुस्तक लिहिलं. १७१३ च्या आवृत्तीत त्यांनी लेखनिक आणि कारकुनांवर प्रकरण जोडलं आणि त्रासाची तीन कारणं दिली: सतत बसणं, हाताची तीच ती हालचाल, आणि आकड्यात चूक होऊन मालकाचं नुकसान होईल या धास्तीने मनावर येणारा ताण. हे तिसरं कारण तीनशे वर्षांपूर्वी एका डॉक्टरला सुचलं. खुर्चीच्या दुकानात आजही ते कोणी विचारत नाही.

खुर्ची आपल्याकडे आली ती दुसऱ्याच कारणासाठी. शब्द मूळ अरबी, 'कुर्सी'. जालना निजामाच्या राज्यात, इथे लष्कराची छावणी. १९०० मध्ये मनमाड-हैदराबाद मार्गावर आगगाडी सुरू झाली. छावणी, कचेरी, शाळा, स्टेशन यांच्याबरोबर खुर्ची रुळत गेली, आणि ती साहेबाची होती. साहेब खुर्चीवर, बाकीचे उभे किंवा खाली. म्हणून तर आपल्या भाषेत खुर्ची म्हणजे पद. "त्याची खुर्ची गेली" असं आपण म्हणतो तेव्हा फर्निचरबद्दल बोलत नसतो. उंच पाठ, रुंद हात, जाड गादी हे सगळं रुबाबासाठी. आजही दुकानात 'बॉस चेअर' म्हणून जी विकतात ती हीच. तिच्यावर टेकून हुकूम चांगला देता येतो. लिहिता येईलच असं नाही.

लिहिणाऱ्याची खरी खुर्ची टायपिस्टची. गोदरेजने १९५५ मध्ये भारतीय बनावटीचा टाइपरायटर काढला आणि पुढे गावोगावच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये आपल्यापैकी अनेकांची बोटं तयार झाली. टायपिस्टची खुर्ची लहान, पाठ फक्त कंबरेपुरती, बहुतेकदा हात नसलेली, आणि टाइपरायटरचं टेबल नेहमीच्या टेबलापेक्षा बुटकं. ते बुटकं टेबल कॉम्प्युटर आल्यावर गेलं, आणि त्याचं मला खरोखर वाईट वाटतं.

डॉक्टरांनी या विषयात लक्ष घातलं ते विसाव्या शतकात. अमेरिकेतल्या जे. जे. कीगन या सर्जनने १९५३ मध्ये वेगवेगळ्या बैठकींतले कण्याचे एक्स-रे प्रसिद्ध केले. मांड्या काटकोनात आल्या की कंबरेचा नैसर्गिक बाक सपाट होतो, हे त्यात दिसलं. 'काटकोनात ताठ बसा' हा शाळेतला हुकूम पाळणं इतकं जड का जातं, ते यावरून कळतं. स्वीडनच्या आल्फ नाकेमसन यांनी १९६० च्या दशकात मणक्यांमधल्या चकतीत सुई घालून दाब मोजला. आधाराशिवाय बसल्यावर तो उभं राहण्यापेक्षा जास्त भरला. नंतरच्या मोजणीत हा फरक तेवढा मोठा नाही असं दिसलं, पण पाठ टेकली की दाब कमी होतो ही गोष्ट टिकून आहे. डेन्मार्कचे सर्जन मँडल यांनी पुढे काय सुचवलं? बैठक थोडी उंच आणि पुढे कललेली, आणि लिहायचा पृष्ठभाग उतरता. आमच्या मुनीमजींचं डेस्क!

१९९४ मध्ये अमेरिकेत बिल स्टम्फ आणि डॉन चॅडविक यांनी जाळीच्या पाठीची खुर्ची काढली. आज बाजारात दिसणाऱ्या जाळीच्या बहुतेक खुर्च्या तिच्या चुलत बहिणी. मूळ खुर्ची तीन मापांत निघाली होती, लहान, मध्यम आणि मोठी. नकला करणाऱ्यांनी जाळी उचलली, मापं सोडली. आपण चप्पल माप बघून घेतो, शर्ट माप बघून घेतो, आणि दिवसाचे आठ तास जिच्यावर काढायचे ती खुर्ची फोटो बघून मागवतो.

तेव्हा टेप घ्या. चप्पल घालून बसा, पाय जमिनीवर सपाट टेकवा आणि गुडघ्याच्या मागच्या घडीपासून जमिनीपर्यंत मोजा. पाच फूट उंचीच्या बाईंचं हे माप साधारण पंधरा इंच येतं. बैठक तेवढीच हवी. बऱ्याच ऑफिस खुर्च्या कितीही खाली केल्या तरी सतरा इंचांच्या आसपास थांबतात. मग पाय लोंबतात, बैठकीचा काठ मांडीखाली रुततो आणि संध्याकाळी पाऊल सुजतं. आता खांदे सैल सोडून कोपर काटकोनात धरा. बैठकीपासून कोपर आठ-नऊ इंच वर असतं. म्हणजे या बाईंना टेबल हवं तेवीस-चोवीस इंचांचं, आणि बाजारातलं टेबल असतं तीस इंचांचं. हे सहा इंच खांदे उचलून भरून काढावे लागतात. खांदेदुखी तिथून सुरू होते. तुमची खुर्ची कितीही भारी असली तरी टेबल चुकलं तर पैसे पाण्यात. टेबल कमी करता येत नसेल तर खुर्ची वर घ्या आणि पायाखाली पाट ठेवा.

बाकीचं थोडक्यात. पाठ टेकल्यावर बैठकीचा काठ आणि गुडघ्याची मागची बाजू यांत दोन-तीन बोटं जायला हवीत. जात नसतील तर बैठक तुमच्यासाठी खोल आहे. तुम्ही पुढे सरकून बसणार आणि पाठीचा आधार वाया जाणार. कंबरेच्या खोलगट भागाला आधार नसेल तर टॉवेलची गुंडाळी चालते, त्यासाठी हजारो रुपये घालवू नका. खुर्चीचे हात टेबलाला अडत असतील तर काढून टाका. लॅपटॉपवर काम असेल तर तो पुस्तकांच्या थप्पीवर चढवा आणि कीबोर्ड वेगळा जोडा, कारण लॅपटॉपमध्ये पडदा आणि कीबोर्ड एकमेकांना चिकटलेले असतात आणि एक बरोबर केलं की दुसरं चुकतं.

आणि उठा. लंडनच्या दुमजली बसवर जेरी मॉरिस यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास आम्हा डॉक्टरांना तोंडपाठ असतो. दिवसभर बसणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा जिने चढ-उतार करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होता. अर्ध्या तासाने दोन मिनिटं उभं राहा, पाणी प्यायला स्वयंपाकघरात जा. बाटली टेबलावर ठेवू नका.

पायात किंवा हातात ताकद कमी वाटली, लघवी-संडासवरचा ताबा गेला, जांघेत बधिरपणा आला, पाठदुखीबरोबर ताप किंवा वजन घटणं असलं, किंवा एकाच पायाची पोटरी सुजून दुखायला लागली, तर खुर्ची बदलत बसू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

गुरुजींकडे आम्ही काय केलं? काळी खुर्ची मुलाला दिली. साधी, हात नसलेली, खाली-वर होणारी खुर्ची आणली. सुताराने टेबलाचे पाय पाच इंच कापले. जुनं डेस्क टेबलावर ठेवायचं गुरुजींच्या मनात होतं, पण त्याने सगळंच परत उंच झालं असतं. मग त्या डेस्कच्या झाकणाचा उतार मोजून सुताराने टेबलावर ठेवायची तशीच एक फळी बनवली. मान दोन-तीन आठवड्यांत मोकळी झाली. बोटांचा बधिरपणा जायला जवळजवळ तीन महिने लागले, नसा सावकाश बऱ्या होतात. लिखाण पुन्हा सुरू आहे, पाचशेच्या पुढे पानं गेली.

फळीच्या खालच्या काठाला पेन अडवायची पट्टी लावायची सुतार विसरला. पेन घरंगळून पडायचं आणि गुरुजी ते उचलायला वाकायचे. शेवटी काकूंनी नातवाची जुनी फूटपट्टी तिथे चिकटवून टाकली.