एरंडोल, पारोळा, धुळे

जळगावहून धुळ्यास जायचे तर सडकच बरी. आगगाडीने जायचे म्हणाल तर आधी चाळीसगाव गाठा, तेथे गाडी बदला आणि १९०० साली झालेल्या फाट्याने धुळ्यास उतरा, असा द्राविडी प्राणायाम! १९०६ साली एका खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, तेव्हापासून ही दोन सख्खी भावंडे आपापल्या चुली मांडून बसली आहेत. मधली नव्वदेक किलोमीटरांची सडक हे त्यांचे सामायिक अंगण. आता ती चौपदरी झाली, गावांना बाहेरवळणे आली, आणि दीड तासात धुळे येते. मधले काहीच दिसत नाही. म्हणून यंदा सुट्टीत आम्ही प्रत्येक वळणाला गाडी आत घालायची असे ठरवले. मंडळींची अट एकच होती, दुपारचे जेवण वेळेवर झाले पाहिजे.

एरंडोलच्या बाजूला फरकांडे हे गाव आहे. तेथल्या मनोऱ्यांची कीर्ती अशी की एक हलवला की दुसरा आपोआप हले. अहमदाबादेस सिदी बशीरच्या मशिदीचे मनोरे असेच. ते पाहायला जगभरचे लोक जातात. फरकांड्याच्या वाटेवर आम्हांला भेटली ती शेळ्या वळणारी एक आजी. चिरंजीवांनी मनोऱ्यांविषयी विचारताच ती म्हणाली, "एक पडी गया, एक शे." जोडीतला एक गेल्यावर उरलेल्याने कोणासाठी हलायचे? चिरंजीव हिरमुसले. त्यांची समजूत पुढे एका ढाब्यावर कळण्याच्या भाकरीने आणि कपाशीच्या काड्यांवर भाजलेल्या वांग्याच्या भरिताने घातली.

पारोळ्याचा किल्ला शोधायला डोंगर चढावा लागत नाही. तो भर बाजारात आहे. हरि सदाशिव दामोदर हा येथला जहागीरदार. पन्नास घरांचे खेडे होते, त्याचे त्याने तटबंदीचे शहर केले आणि १७२७ साली हा भुईकोट बांधला, असे सांगतात. भोवती खंदक, दारापुढे उचलता पूल, बाजूंना भक्कम बुरूज असा एके काळी थाट होता. झाशीच्या नेवाळकरांची एक शाखा ह्याच गावची. राणी लक्ष्मीबाईंनी पाठीशी बांधलेला म्हणून जो दामोदरराव आपण चित्रात पाहतो, तो दत्तक मुलगा ह्याच शाखेतला. सत्तावन्नच्या बंडात पारोळेकर फितूर ठरले, जहागीर गेली आणि इंग्रजांनी किल्ला मोडून टाकला. झाशीची राणी आमच्या शाळेतल्या प्रत्येक मुलाला पाठ आहे. तिच्या मुलाचे गाव मात्र शिक्षकांच्या खोलीतही फार थोड्यांना ठाऊक होते!

धुळे शहराची घडी बसवणारा इंग्रजच. १८१८ साली खानदेश कंपनीकडे आला, तेव्हा कॅप्टन जॉन ब्रिग्ज हा पहिला पोलिटिकल एजंट. त्याने धुळे हे मुख्य ठाणे केले आणि व्यापारी व कारागीर बोलावून तेथे पेठ वसवली. हा गृहस्थ नुसता शिपाईगडी नव्हता. फारसी बखरकार फेरिश्ता ह्याचा ग्रंथ त्याने इंग्रजीत आणला आणि १८२९ साली तो छापला.

ज्या गावाची मांडणी अशा माणसाने केली, त्याच गावात पुढे आमचे विश्वनाथ काशिनाथ राजवाडे आपली दप्तरे घेऊन आले, हा योग मला मोठा मौजेचा वाटतो. वाड्यांच्या माळ्यांवर उंदीर कुरतडत होते ते कागद ह्या माणसाने गावोगाव पायपीट करून गोळा केले. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' ह्या नावाने त्यांचे बावीस खंड निघाले. पहिला १८९८ सालचा. ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यातच त्यांनी देह ठेवला. दुःख करीत न बसता धुळेकरांनी पुढच्याच महिन्यात राजवाडे संशोधन मंडळ स्थापले. पारोळ्याचा दगडी कोट सत्तावन्नच्या एका तडाख्यात गेला. हे चिंधीसारखे कागद मात्र धुळ्यात जपले गेले. किल्ले मोडणाऱ्यांना कागदाची भीती वाटली नाही, हे आपले भाग्यच.

शेवटी तुरुंगाकडे गेलो. सुट्टीत तुरुंग दाखवणारा बाप म्हणून चिरंजीवांनी माझ्याकडे पाहिले. पण २१ फेब्रुवारी ते १९ जून १९३२, ओळीने अठरा रविवार, विनोबांनी येथे कैद्यांपुढे गीतेच्या अठरा अध्यायांवर प्रवचने केली. बोलणे वाऱ्यावर जाते. हे गेले नाही, कारण समोर साने गुरुजी बसून लिहून घेत होते. 'गीता प्रवचने' झाले ते त्या वह्यांतून.

"इतक्या भराभर लिहिता येते?" चिरंजीवांनी विचारले. मी म्हटले, "अरे, १९३० पर्यंत ते अमळनेरच्या शाळेत मास्तर होते. जन्मभर दुसऱ्यांना शुद्धलेखन घातले, तुरुंगात स्वतः घेतले."