पदपथावरचे ‘आम्ही’

समाजसेवकांच्या गौरवाची आपली रीत ठरलेली आहे : शाल, श्रीफळ, मानपत्र आणि चार भाषणे. या रीतीत ज्यांच्यासाठी सेवा घडली ती माणसे ‘दीनदुबळे’ या एका शब्दात विरून जातात. बेघरांच्या बाबतीत तर हे हटकून घडते. म्हणूनच मुंबईच्या पदपथवासीयांचा १९८१ ते १९८५ हा कालखंड साहित्याच्या अभ्यासकांनीही बारकाईने वाचावा, असे आम्हांस वाटते.

१३ जुलै १९८१ रोजी तत्कालीन मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी पदपथवासीयांना बळाने हटवून मूळ गावी वा शहराबाहेर धाडण्याची घोषणा केली. दिवस ऐन पावसाळ्याचे. दोन नागरी हक्क संघटना आणि काही पत्रकार पदपथवासीयांसह सर्वोच्च न्यायालयात गेले.

त्या निकालपत्रात दोन माणसांच्या हकिगती आहेत. एक सेलमचा भूमिहीन मजूर. दुष्काळाने काम गेल्यावर १९६१ साली तो मुंबईस आला आणि दहिसरच्या एका रासायनिक कारखान्यात २३ रुपये रोजावर लागला. २३ जुलै १९८१ रोजी त्याचा निवारा पाडून त्याला सेलमच्या बसमध्ये बसविण्यात आले. पत्नी आणि तीन मुली सेलमलाच राहिल्या. कामाच्या शोधात तो मुंबईस परत आला. दुसरा आपल्या संगमनेरचा. चांभारकामात दिवसाला ७-८ रुपये मिळत. गावचे घर कोसळले, तेव्हा तो मुंबईत महिना ३५० रुपयांवर बदली कामगार झाला. तुळशीवाडीच्या पदपथावरील जागेसाठी त्याने स्थानिक गुंडाला ३०० रुपये दिले. बांबू आणि प्लॅस्टिकला ७०० रुपये लागले. कादंबरीकाराने हेवा करावा असा हा तपशील आहे. तो न्यायालयापर्यंत पोहोचला, कारण कोणीतरी पदपथावर बसून तो ऐकून घेतला होता आणि आकड्यांसह लिहून ठेवला होता.

सरन्यायाधीश य. वि. चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने १० जुलै १९८५ रोजी निकाल दिला. जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क अंतर्भूत आहे, हे तत्त्व त्यातून प्रस्थापित झाले. मात्र पदपथावर राहण्याचा हक्क न्यायालयाने मानला नाही. ३१ ऑक्टोबर १९८५पर्यंत झोपड्या हटवू नयेत, एवढी मुदत दिली. तत्त्व जिंकले, निवारा हरला. खटलाही ‘ओल्गा टेलिस’ या पत्रकार याचिकाकर्तीच्या नावानेच ओळखला जातो. हा दोष त्यांचा नव्हे. खटल्यांची नावे अशीच रूढ होतात. पण सेलमचा मजूर आणि संगमनेरचा कामगार त्या नावाआड गेले, हेही खरे.

याच वर्षी भायखळ्यात दुसरे लेखन चालू होते. १९८४ साली स्थापन झालेल्या ‘स्पार्क’ या संस्थेचे कार्यकर्ते पदपथावरील स्त्रियांसोबत घरोघर फिरून शिरगणती करीत होते. सरकारदफ्तरी ज्यांतील बहुतेकांची नोंद नव्हती, अशा सुमारे ६,००० कुटुंबांची माहिती त्यांनी जमविली. ही माणसे शहराच्या पोटात राबत होती आणि परवडत नाही म्हणून कामाला पायी जाता येईल एवढ्या अंतरावर राहत होती, हे त्यातून पुढे आले. १९८५ सालच्या त्या इंग्रजी अहवालाच्या शीर्षकाचा मराठी अर्थ होतो : ‘आम्ही, अदृश्य’. पुढे १९८६ साली त्या परिसरातील स्त्रियांची ‘महिला मिलन’ ही संघटना उभी राहिली आणि बचत, घरबांधणी व सरकारशी वाटाघाटी हे काम त्यांनी स्वतःच्या हाती घेतले.

या शीर्षकातील ‘आम्ही’ आम्हांस महत्त्वाचा वाटतो. अहवालाचे काम संस्थेने उभे केले. तरी त्यातील प्रथमपुरुष पदपथवासीयांचा राहिला. मराठी साहित्यात उपेक्षितांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, आणि त्यातील बरेचसे ‘ते’ या सर्वनामातच अडकलेले आहे. दुसऱ्याचा ‘आम्ही’ जपून त्याच्याच हाती देणे ही साधी गोष्ट नाही. त्यासाठी वही घेऊन बसावे लागते, ऐकावे लागते आणि योग्य वेळी बाजूलाही व्हावे लागते.

या वाटेवरच्या काहींना पुढे मोठे सन्मान मिळाले. झोपडपट्टीवासीयांचे नेते जोकिन अर्पुतम यांना २००० साली मॅगसेसे पुरस्कार लाभला. वह्या भरणाऱ्या बहुसंख्यांची नावे मात्र कोठेही छापली गेली नाहीत. त्यांचा गौरव करावयाचा तर त्यांनी लिहून ठेवलेली माणसे नीट वाचावीत. शाल-श्रीफळापेक्षा हे अधिक कठीण आहे. आणि साहित्याच्या वर्गात ते नक्कीच करता येण्यासारखे आहे.