लहान पुली, मोठी किंमत

१/ मोटारशौकिनांमध्ये एक युक्ती प्रसिद्ध आहे. सुपरचार्जरवरील पुली काढून तिच्या जागी लहान पुली बसवली की इंजिनाचा जोर वाढतो. ही युक्ती इतकी सोपी असेल, तर कारखान्यांनी आरंभापासूनच लहान पुली का बसवली नाही? आजचा थ्रेड या प्रश्नाविषयी.

२/ यामागील गणित जालन्याला परके नाही. कुंडलिकेच्या एका तीरावर जुना जालना, दुसऱ्या तीरावर नवीन जालना, आणि भोवती कापसाचा मुलूख. जुन्या जिनिंग कारखान्यांत एकाच इंजिनाचा जोर लांब दांड्यावरून पट्ट्यांनी रेच्यांपर्यंत पोहोचे. रेचा किती वेगाने फिरावा, हे पुल्यांच्या व्यासांवरून ठरे. पट्ट्यावर चालणाऱ्या पिठाच्या गिरणीतही हाच नियम.

३/ सुपरचार्जर म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंप. हवा अधिक, म्हणून इंधन अधिक, म्हणून जोर अधिक. वातावरणाच्या दाबाहून जो दाब जास्त, तो 'बूस्ट'. क्रँकशाफ्टची पुली १५० मिमी आणि सुपरचार्जरची ७५ मिमी असेल, तर इंजिनाच्या ६,००० फेऱ्यांना पंप १२,००० फेऱ्या घेतो. ७५ ऐवजी ६५ मिमी पुली बसवल्यास सुमारे १३,८५०. म्हणजे गतीत १५ टक्के वाढ.

४/ या पंपाचा एक पूर्वज वस्त्रोद्योगातूनच आला. अमेरिकेतील कॉनर्सव्हिल येथे लोकरीची गिरणी चालवणाऱ्या रूट्स बंधूंनी १८६० मध्ये त्याचे पेटंट घेतले. पुढे तो ओतशाळांच्या भट्ट्यांना हवा पुरवू लागला. १९२१ मध्ये मर्सिडीजने सुपरचार्जर असलेल्या मोटारी विक्रीसाठी मांडल्या.

५/ मराठी इतिहासाशीही त्याचा धागा जुळतो. इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांच्या संग्रहात ड्यूझनबर्ग एसजे ही मोटार होती. तिचा सांगाडा लंडनच्या गर्नी नटिंगने चढवला होता. साध्या 'जे' इंजिनाची जाहीर क्षमता २६५ अश्वशक्ती, तर सुपरचार्जरसह ३२० अश्वशक्ती. येथे पट्टा नव्हता, दातेरी चाके होती. तत्त्व मात्र तेच. शिवाय हा पंप केंद्रोत्सारी असल्याने त्याचा दाब गतीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. गती १५ टक्के वाढली तर दाबातील वाढ सुमारे एकतृतीयांश.

६/ मग अडचण कोठे होती? दाबलेली हवा तापते. दाब आणि उष्णता फार वाढली की इंधनमिश्रणाचा काही भाग ज्योत पोहोचण्यापूर्वीच भडकतो. यालाच 'नॉकिंग' म्हणतात. त्याने पिस्टन फुटतात. शिवाय पंप फिरवण्याची शक्ती इंजिनातूनच खर्च होते. चाक लहान करणे हे कोणत्याही कारागिराला जमणारे काम होते. खरी मर्यादा इंधनाची होती.

७/ १९२१ च्या अखेरीस थॉमस मिजली यांना नॉकिंगवर उपाय सापडला: पेट्रोलमध्ये टेट्राएथिल लेड, म्हणजे शिशाचे संयुग, मिसळणे. १९२३ मध्ये असे पेट्रोल विक्रीस आले. १९२४ मध्ये न्यू जर्सीतील बेवे येथील तेलशुद्धीकरण कारखान्यात याच विषाने पाच कामगार दगावले. १९२५ मध्ये विक्री काही काळ थांबवण्यात आली, पण १९२६ मध्ये ती पुन्हा सुरू झाली.

८/ १९४० मध्ये ब्रिटिश लढाऊ विमानांना १०० ऑक्टेनचे इंधन मिळू लागले. या इंधनातही शिसे होतेच. मर्लिन इंजिनाच्या सुपरचार्जरची दातेरी चाके तीच राहिली, पण संकटकाळी वापरता येणारा बूस्ट सव्वासहा पौंडांवरून १२ पौंड प्रति चौरस इंचावर गेला. चाक बदलल्याविना इंधनाने सीमा पुढे ढकलली.

९/ शिसेमिश्रित पेट्रोल मात्र युद्धाबरोबर संपले नाही. साऱ्या जगात ते रस्त्यारस्त्यांवर जळत राहिले आणि त्याचे शिसे मुलांच्या रक्तात उतरले. भारतभर ते बंद झाले १ फेब्रुवारी २००० रोजी. जगातून हद्दपार झाले २०२१ मध्ये.

१०/ म्हणून यंत्रांचा इतिहास वाचताना वाढलेल्या अश्वशक्तीपाशी थांबू नये. तो जोर कोणत्या इंधनाने पेलला आणि त्या इंधनाची किंमत कोणाच्या शरीराने मोजली, हेही विचारावे. पुलीचा व्यास फूटपट्टीने मोजता येतो. बेवेचे ते पाच कामगार मात्र अश्वशक्तीच्या कोणत्याही तक्त्यात सापडत नाहीत.