मधलं गाव

परवा मुलाचा फोन आला. मे महिन्यात सगळे इकडे यायचे आहेत. तिकिटं काढायच्या आधी त्याने विचारलं, "आई, कुठे उतरू? पुणे, मुंबई की नवी मुंबई?" मी आपली पटकन म्हणाले, "कुठेही उतर, लोणावळ्याला आलास म्हणजे झालं." फोन ठेवला आणि मग माझंच मला हसू आलं. माझ्या लहानपणी आमच्या घरात कोणी विमान जवळून पाहिलेलं नव्हतं. आणि आज तीन-तीन विमानतळांतून निवड करायची!

नकाशा काढून बसले. भूगोल शिकवण्यात जन्म गेला, सवय जात नाही. लोणावळ्यापासून लोहगाव आणि उलवे ही दोन्ही ठिकाणं साधारण सारख्याच अंतरावर. उलवे किंचित जवळच. म्हणजे आपण पुन्हा एकदा बरोबर मध्ये आलो. हे 'मध्ये असणं' मावळच्या नशिबी फार जुनं आहे. तेच आज लिहायचं आहे.

आज विमानतळाची बातमी आली की दोनच गोष्टी असतात: प्रवासी किती वाढले आणि नवे मार्ग कुठले निघणार. आपल्या बोरघाटात हीच चर्चा पावणेदोनशे वर्षांपूर्वी झाली होती. १८३० मध्ये घाटातून गाडीरस्ता झाला. १८५६ मध्ये मुंबईकडून रेल्वे खोपोलीपर्यंत आली. जून १८५८ मध्ये खंडाळा-पुणे गाडी सुरू झाली. मधला घाट मात्र तसाच. मग प्रवासी काय करत? खोपोलीला उतरायचं, पालखीतून, तट्टावरून नाहीतर चक्क पायी घाट चढायचा आणि खंडाळ्याला पुन्हा गाडीत बसायचं. आजच्या भाषेत सांगायचं तर 'कनेक्टिंग फ्लाइट'!

घाटातल्या रेल्वेचं काम सात वर्षं चाललं. पंधरा-सोळा मैलांत १८३१ फुटांची चढण, २५ बोगदे, आठ मोठे पूल. जानेवारी १८६१ मध्ये एका वेळी ४२ हजार मजूर या कामावर होते. सॉलोमन ट्रेडवेल नावाचा कंत्राटदार १८५९ मध्ये इथे आला आणि थोड्याच दिवसांत आजाराने वारला. त्याच्या बायकोने, ॲलिस ट्रेडवेलने, कंत्राट सोडलं नाही. इंजिनिअर हाताशी धरून तिने काम पुरं करवून घेतलं. २१ एप्रिल १८६३ ला घाट खुला झाला. ॲलिसबाईंचं नाव निदान पुस्तकात आहे. पटकी-तापाने गेलेल्या असंख्य मजुरांची नावं कुठेच नाहीत. आणि वाट दाखवली म्हणून लोक ज्याचं नाव घेतात तो शिंगरोबा धनगर, त्याचं देऊळ जुन्या घाटरस्त्यावर आहे. ती दंतकथा असेल, पण लोकांनी ती जपली याला काही अर्थ आहे. साहेबाच्या कागदावर जे नाव आलं नाही ते लोकांनी दगडावर शेंदूर लावून लिहून ठेवलं.

आता गंमत पहा. त्या काळी पुष्कळ जाणत्या लोकांना वाटत होतं की हिंदुस्थानातली रेल्वे मालावर चालेल. इथले गरीब, जातपात पाळणारे लोक गाडीत एकत्र कशाला बसतील? झालं उलटंच. तिसऱ्या वर्गाचे डबे तुडुंब भरू लागले. मी वर्गात मुलांना नेहमी सांगायचे की प्रवासी मार्गामुळे जन्माला येत नाहीत. ते आधीच असतात, पायी चालत असतात. मार्ग झाला की ते मोजले जाऊ लागतात, एवढंच.

प्रवासी वाढले की अडचण येते ती जागेची. घाटात चढ इतका अवघड की गाडी सरळ वळवायलाच जागा नव्हती. म्हणून 'रिव्हर्सिंग स्टेशन' केलं होतं. गाडी तिथे थांबायची, इंजिन एका टोकाचं दुसऱ्या टोकाला लागायचं आणि गाडी उलट्या दिशेने निघायची. अशी साठाहून अधिक वर्षं गेली. १९२९ मध्ये नवा मार्ग, नवे बोगदे झाले तेव्हा ती खोळंबा करणारी जागा सुटली. विजेवरची गाडी आली आणि १ जून १९३० पासून दख्खनची राणी धावू लागली.

लोहगावची गोष्ट हुबेहूब अशीच आहे. १९३९ मध्ये इंग्रजांनी तिथे लष्करी विमानतळ बांधला. धावपट्टी आजही हवाई दलाची आहे. प्रवासी विमानं म्हणजे तिथले पाहुणे. पाहुण्याने यजमानाच्या सोयीने राहावं, तसं सगळं चालतं. ऑक्टोबर २०२१ मध्ये धावपट्टीच्या दुरुस्तीसाठी १६ ते २९ तारखेपर्यंत सगळी विमानं बंद होती, ते तुम्हाला आठवत असेल. तरीही माणसं थांबली नाहीत. २०१०-११ मध्ये वर्षाला साधारण २८ लाख प्रवासी होते, ते २०१८-१९ मध्ये ९० लाखांवर गेले. करोनात सगळं ठप्प झालं, आणि २०२४-२५ मध्ये आकडा एक कोटीच्या पुढे गेला. जुलै २०२४ मध्ये नवं टर्मिनल सुरू झालं. इमारत मोठी झाली, धावपट्टी मात्र तीच. म्हणजे स्टेशन नवं, घाट जुनाच!

नव्या मार्गांचंही असंच. २००५ च्या डिसेंबरात पुण्याहून दुबईला विमान निघालं तेव्हा केवढं कौतुक झालं होतं. २००८ मध्ये थेट जर्मनीतल्या फ्रँकफर्टला विमान सुरू झालं, पुढे ते बंद पडलं. २०२२ मध्ये सिंगापूर, २०२४ मध्ये बँकॉक. त्याच वर्षी जळगाव आणि सिंधुदुर्गला छोटी विमानं सुरू झाली. यातलं कुठलं टिकेल हे काळ ठरवील. मार्ग सुरू करणं सोपं, त्याला रोजची माणसं मिळणं कठीण.

आणखी एक गोष्ट मला फार आवडते. लोहगाव हे तुकोबांचं आजोळ. सप्टेंबर २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने या विमानतळाला तुकाराम महाराजांचं नाव देण्याचा ठराव केला. देहू काय, लोहगाव काय, वारीच्याच मुलखातली गावं. शेकडो वर्षं तिकिटाशिवाय लाखो माणसं या वाटेने चालत आहेत. त्यांची मोजणी कोणी केली?

आता मधल्या गावाकडे येते. दुसरा विमानतळ हवाच, असं पुण्यात कितीतरी वर्षं चाललं आहे. आधी आपल्या शेजारच्या खेड तालुक्यात, चाकणच्या बाजूला होणार होता. शेतकऱ्यांनी विरोध केला. २०१६ मध्ये पुरंदरचं नाव आलं. सात गावं त्यात जाणार, त्यात खानवडीही आली. महात्मा फुल्यांच्या घराण्याचं नातं या गावाशी आहे. मे २०२५ मध्ये तिथे ड्रोनने मोजणी करायला लोक गेले तेव्हा गावकरी आडवे आले, लाठ्या चालल्या. उलव्यालाही टेकडी कापली, नदी वळवली, दहा गावं उठली, तेव्हा कुठे २५ डिसेंबर २०२५ ला पहिलं विमान उडालं. त्या विमानतळाला दि. बा. पाटलांचं नाव देण्याचा ठराव राज्याने केला आहे. जानेवारी १९८४ मध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली जासईला आंदोलन झालं, त्यात पाच माणसं गोळीबारात गेली. आपल्या मावळात ९ ऑगस्ट २०११ ला बऊरजवळ पवनेच्या जलवाहिनीवरून गोळीबार झाला, तिघे गेले. पाणी असो, रस्ता असो, विमान असो, मधल्या गावातून फक्त जातं.

माझा एक जुना विद्यार्थी टॅक्सी चालवतो. मुलाला आणायला तोच जाणार आहे. त्याच्या वडिलांची जमीन द्रुतगती मार्गात गेली. २००२ मध्ये तो रस्ता पुरता खुला झाला. एकदा मला लोहगावला नेताना तो म्हणाला, "बाई, रस्ता आमच्या वावरातनं गेलाय, पण चढायचं तर उर्श्याला जायचं नायतर लोनावळ्याला. आमी कुंपणाच्या अलीकडं उभं राहून गाड्या मोजतो." मी त्याला शाळेत गणित शिकवलं होतं. मोजणी पक्की शिकला पोरगा! मला उत्तर सुचलं नाही. पुढे बराच वेळ दोघंही गप्प होतो.

मी विमानतळाच्या विरुद्ध नाही, गैरसमज नसावा. मुलं परदेशी असलेल्या आईने विमानाला नावं ठेवू नयेत. मार्च १९७८ मध्ये पुणे-लोणावळा लोकल सुरू झाली तेव्हा नोकरीला लागून मला दोन-तीन वर्षं झाली होती. त्या लोकलने माझं आयुष्य बदललं. दुधाच्या किटल्या, भाजीच्या पाट्या, कॉलेजच्या मुली, आम्ही मास्तर लोक, सगळे त्यात. ती गाडी आमच्यातून जात नव्हती, आमच्यासाठी थांबत होती. मळवली, कामशेत, कान्हे, वडगाव, प्रत्येक ठिकाणी थांबत होती. फरक असेल तर इतकाच आहे. म्हणून नव्या विमानमार्गांची बातमी वाचली की मला आधी लोणावळा-पुणे तिसऱ्या-चौथ्या रेल्वेमार्गाची आठवण होते. किती प्रवासी वाढले याचा आकडा जरूर छापावा. त्याच्या शेजारी जमीन कोणाची गेली आणि त्यातल्या किती जणांना त्या गाडीत चढायला मिळालं, हाही आकडा छापावा. दोन्ही रकाने भरल्याशिवाय मी तरी पेपरला पूर्ण मार्क दिले नसते.

असो. मुलाला सांगितलं, नवी मुंबईला उतर. घाट चढून येताना नातीला शिंगरोबाचं देऊळ दाखवायचं आहे, म्हणून द्रुतगतीने न येता जुन्या रस्त्याने या असंही बजावलं आहे. विद्यार्थ्याला वेगळं सांगायला नको. तो तिथे नारळ ठेवल्याशिवाय पुढे जातच नाही.

तुमच्यापैकी कोणाच्या घरी घाटातल्या त्या जुन्या उलट्या फिरणाऱ्या गाडीच्या आठवणी ऐकलेल्या असतील तर जरूर लिहा. माझ्या आजीने ऐकवलेल्या होत्या, पण तेव्हा मी नीट ऐकल्या नाहीत.