चाळीस डॉलरचा कॅमेरा आणि चंद्रावरचा कॅमेरा

गणपती-दिवाळीचे कार्यक्रम जवळ आले, की आपल्याकडे एक चर्चा हमखास रंगते. कुणीतरी नवी लेन्स घेतलेली असते, घरात तिची किंमत अर्धीच सांगितलेली असते आणि जेवताना विषय निघतो: एवढे पैसे घालून फोटो खरंच चांगला येतो का? ज्यांना हा प्रश्न सगळ्यात मोठ्या प्रमाणावर पडला, त्या अंतराळवीरांची गोष्ट आज ऐकू या.

२० फेब्रुवारी १९६२ रोजी जॉन ग्लेन यांनी पृथ्वीला तीन प्रदक्षिणा घातल्या. त्यांच्याजवळचा फोटोचा कॅमेरा होता ॲन्स्को ऑटोसेट. जपानच्या मिनोल्टाने बनवलेला, ३५ मिलिमीटर फिल्मचा हा कॅमेरा ग्लेन यांनी फ्लोरिडातल्या एका ड्रगस्टोअरमधून घेतला होता, सुमारे ४० डॉलरना. प्रकाशाचा हिशेब तो आपोआप करायचा, एवढंच त्याचं वैशिष्ट्य. जाड हातमोज्यांतून बटण दाबता यावं म्हणून तंत्रज्ञांनी तो उलटा केला आणि त्याला पिस्तुलासारखी मूठ बसवली. फोटो आले. अंतराळातून फोटो निघू शकतात, हे त्यातून कळलं; पण लहान फिल्मवरून मोठं चित्र करायला गेलं की बारकावे विरघळतात, ही अडचण उरलीच.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये वॉली शिरा निघाले. गडी फोटोग्राफीचा शौकीन. व्यावसायिक छायाचित्रकारांशी बोलून त्यांनी ह्यूस्टनच्या दुकानातून स्वीडिश हॅसलब्लाड ५००सी घेतला, जर्मन झाइसच्या ८० मिलिमीटर प्लानार लेन्ससह. ग्लेन यांच्या कॅमेऱ्यापेक्षा अनेक पटींनी महाग. चकाकी नको म्हणून वरचं कातडं काढून त्याला काळा रंग दिला आणि तो यानात चढवला.

हे जादा पैसे जातात कुठे? एक तर फिल्मच्या आकारात. ३५ मिलिमीटरची चौकट २४ बाय ३६ असते; हॅसलब्लाडची साधारण ५५ बाय ५५, म्हणजे क्षेत्रफळ साडेतीन पट. यालाच मीडियम फॉरमॅट म्हणतात. दुसरं कारण लेन्सच्या पोटात. व्हिक्टर हॅसलब्लाड यांच्या १९४८ च्या पहिल्या मॉडेलमध्ये शटर कॅमेऱ्यात होतं आणि ते सारखं बिघडायचं. १९५७ च्या ५००सीमध्ये त्यांनी शटर प्रत्येक लेन्समध्येच बसवलं. त्यामुळे दर लेन्ससोबत एक नवं शटरही विकत घ्यावं लागतं! मोबदल्यात सेकंदाच्या पाचशेव्या भागापर्यंत कुठल्याही वेगावर फ्लॅश चालतो. स्टुडिओवाल्यांना याचं मोल कळलं. आपण वाढदिवसाला केकचे फोटो काढणार असू, तर कळण्याची गरजही नाही.

इथे एक गंमत सांगायला हवी. मोठी फिल्म म्हणजे महागडीच, असं मुळीच नाही. आजीच्या अल्बममधले ते चौकोनी कृष्णधवल फोटो आठवा. त्यांतले कितीतरी भारतात बनलेल्या आग्फा क्लिक थ्रीवर काढलेले असतील. साधी लेन्स, १२० चा रोल, बारा चौकोनी फोटो. फॉरमॅट अंतराळातलाच, फक्त लेन्स गरिबाची. चेहरे ओळखू येतात, कडा धूसर असतात आणि त्याबद्दल आजीने कधी तक्रार केल्याचं मला तरी आठवत नाही.

पण काही फोटो पुन्हा काढता येत नाहीत. २४ डिसेंबर १९६८ रोजी अपोलो ८ चंद्राभोवती फिरत असताना बिल अँडर्स यांना खिडकीतून पृथ्वी उगवताना दिसली. कॅमेऱ्यात कृष्णधवल फिल्म होती. त्यांनी एक फोटो काढला आणि रंगीत फिल्मसाठी घाई केली. हॅसलब्लाडचं मॅगझिन, म्हणजे फिल्मचा डबा, रोल अर्धा असतानाही सुटा करून बदलता येतो. जिम लव्हेल यांनी रंगीत मॅगझिन शोधून दिलं, अँडर्स यांनी ते चढवलं आणि २५० मिलिमीटरच्या झाइस लेन्समधून तो जगप्रसिद्ध निळा गोल टिपला. त्या कॅमेऱ्यावर नेहमीचा आरशाचा व्ह्यूफाइंडर नव्हता, नेम धरायला नुसती कडी होती. लेन्सची स्तुती सगळे करतात. माझ्या मते त्या दिवशी पैसे वसूल केले ते त्या सुट्या डब्याने.

झाइसची आणखी एक लेन्स नासासाठी १९६६ मध्ये तयार झाली, ५० मिलिमीटर, एफ ०.७. बनल्या फक्त दहा. त्यातल्या तीन दिग्दर्शक स्टॅन्ली कुब्रिक यांनी घेतल्या आणि 'बॅरी लिंडन' या १९७५ च्या चित्रपटात मेणबत्तीच्या उजेडात दृश्यं चित्रित केली. त्यासाठी चित्रीकरणाचा कॅमेरा फोडून नव्याने जुळवावा लागला. शिवाय नट थोडा जरी पुढेमागे झाला, तरी चेहरा धूसर. एवढी महाग लेन्स घेऊन नटांना म्हणायचं काय, तर हलू नका!

आता त्या चंद्रावरच्या कॅमेऱ्यांचं काय झालं? परतताना यानात वजन मोजूनमापून न्यायचं होतं आणि दगडांना जागा हवी होती. म्हणून अंतराळवीरांनी मॅगझिन काढून घेतली आणि हॅसलब्लाड, झाइसच्या लेन्ससकट, तिथेच ठेवून दिले. अपोलो मोहिमांमधले सुमारे बारा कॅमेरे आजही चंद्राच्या धुळीत पडून आहेत. फिल्म तेवढी घरी आली.